कोण, किती आणि कोणत्या मार्गाने? : युद्धोत्तर अमेरिकेतील आप्रवासविषयक दृष्टिकोनाचे परिवर्तन

१. विषयप्रवेश

स्थलांतरितांच्या साहित्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता स्थान मिळाले आहे. या साहित्याची चर्चा करताना आपण बहुधा काही ठरावीक संकल्पनांचा आधार घेतो : मुळांपासून तुटलेपण, दुभंगलेली अस्मिता, मायदेशाची ओढ. या संकल्पना चुकीच्या नाहीत. परंतु त्यांच्या साहाय्याने केलेले विवेचन पुष्कळदा कालनिरपेक्ष होते. स्थलांतरित माणूस जणू कोणत्याही काळी, कोणत्याही देशात एकाच प्रकारे एकाकी असतो, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः स्थलांतरिताचा अनुभव दोन बाजूंनी घडत असतो. तो स्वतः काय मागे ठेवून आला हे जितके महत्त्वाचे, तितकेच ज्या समाजात तो आला त्या समाजाने त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले हेही महत्त्वाचे असते. या दुसऱ्या बाजूकडे आपले काहीसे दुर्लक्ष झाले आहे.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आप्रवासितांविषयीचा दृष्टिकोन कसकसा बदलत गेला आणि त्या बदलामागे कोणती कारणे होती, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. ‘पूर्वीचा अनुदार समाज पुढे उदार झाला’ अशा सरळ रेषेत हा इतिहास मांडता येत नाही. त्याचप्रमाणे ‘बेकारी वाढली की विरोध वाढतो’ हे एककारणी स्पष्टीकरणही पुरेसे ठरत नाही. याचे कारण असे की, ‘आप्रवासाविषयीचा दृष्टिकोन’ असे आपण ज्याला म्हणतो त्यात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात. पहिला प्रश्न : कोणी यावे? दुसरा : किती जणांनी यावे? तिसरा : कोणत्या मार्गाने यावे? या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या कारणांनी, निरनिराळ्या वेळी आणि कधी कधी परस्परविरुद्ध दिशांनी बदलली, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. पार्श्वभूमी : १९२४ ची चौकट

युद्धोत्तर काळाचा विचार करण्यापूर्वी त्याला वारशाने मिळालेली चौकट ध्यानात घ्यावयास हवी. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भूभाग निषिद्ध क्षेत्र ठरविला; त्यात हिंदुस्थानचाही समावेश होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक राष्ट्राचा वार्षिक कोटा प्रथम १८९० च्या शिरगणतीतील त्या राष्ट्राच्या लोकांच्या दोन टक्के इतका ठरविला. १८९० हे वर्ष निवडण्यामागील हेतू उघड होता. इटालियन, पोलिश, रशियन ज्यू आणि ग्रीक लोकांचे मोठे लोंढे त्या वर्षानंतर आले होते. त्यांना कमी आणि उत्तर-पश्चिम युरोपातील लोकांना अधिक जागा मिळाव्यात, अशी ही योजना होती. १९२९ पासून ‘राष्ट्रीय मूळ’ या तत्त्वावर एकूण सुमारे दीड लाख जागांची वाटणी होऊ लागली.

म्हणजेच ‘कोण’ आणि ‘किती’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या काळी वंश या एकाच शब्दात दिले गेले होते. ‘कोणत्या मार्गाने’ हा प्रश्न मात्र दक्षिण सीमेवर फारसा तीव्र नव्हता. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातील देशांना संख्येची मर्यादाच नव्हती.

३. १९४५ ते १९६५ : ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर बदलते

युद्ध संपताच अमेरिकन समाजाचे मन विशाल झाले असे मानण्यास आधार नाही. १९४६ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी युरोपातील ज्यू व अन्य निर्वासितांना अधिक संख्येने घेण्याचा विचार मांडला, तेव्हा गॅलपच्या मतचाचणीत ७२ टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिले. ज्यूंचा संहार जगापुढे आल्यानंतरचे हे मत आहे. १९४८ च्या विस्थापितांविषयीच्या कायद्यातही २२ डिसेंबर १९४५ ही अशी कालमर्यादा घातली गेली की, त्यानंतर पोलंडमधून पळून आलेले बहुसंख्य ज्यू आपोआप वगळले जावेत. १९५० मध्ये ही अट दुरुस्त झाली आणि या कायद्यान्वये एकंदर सुमारे चार लाख विस्थापित अमेरिकेत आले.

असे असूनही पुढील वीस वर्षांत वंशाधिष्ठित कोट्याचा पाया ढासळला. यामागे चार कारणे दिसतात.

पहिले कारण परराष्ट्रनीतीचे. युद्धकाळात चीन हे मित्रराष्ट्र होते. त्याच्या नागरिकांवर बंदी ठेवणे अडचणीचे झाले. १९४३ मध्ये ती बंदी उठली, पण चीनचा वार्षिक कोटा ठरला अवघा १०५. १९४६ मध्ये क्लेअर बूथ लूस आणि एमॅन्युएल सेलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जागा मिळाल्या. या कायद्यासाठी जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीगने चिकाटीने प्रयत्न केले होते. शंभर ही संख्या नगण्य होती, हे खरे. पण हक्काचे तत्त्व मान्य झाले होते. या हक्काने नागरिक झालेले दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले. शीतयुद्धात हे कारण अधिक बळावले. आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांची मने जिंकू पाहणाऱ्या राष्ट्राला वंशभेदाचा कायदा परवडणारा नव्हता. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने नागरिकत्वावरील वांशिक बंदी काढली, परंतु कोटापद्धती कायम ठेवली. ट्रुमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरताना इटली, ग्रीस, तुर्कस्तान या मित्रराष्ट्रांच्या होणाऱ्या अवमानाकडे लक्ष वेधले. काँग्रेसने तो नकाराधिकार डावलला. पुढे १९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर सुमारे ३८ हजार निर्वासितांना कोट्याबाहेर आश्रय देण्यात आला. साम्यवादातून निसटून आलेला माणूस हा परका नसून साक्षीदार आहे, ही नवी प्रतिमा या काळात घडली.

दुसरे कारण दुसऱ्या पिढीचे राजकीय सामर्थ्य. १९०० च्या आसपास आलेल्यांची मुले एव्हाना मतदार, सैनिक, कामगार-पुढारी आणि प्राध्यापक झाली होती. १९६० च्या शिरगणतीत परदेशी जन्मलेले आणि त्यांची मुले मिळून सुमारे ३.४ कोटी लोक होते. त्याच वर्षी आयरिश वंशाचा, कॅथलिक पंथाचा माणूस अध्यक्ष झाला. जॉन केनेडी यांनी १९५८ मध्येच ‘ए नेशन ऑफ इमिग्रंट्स’ ही पुस्तिका लिहिली होती. ऑस्कर हँडलिन यांच्या ‘दि अपरूटेड’ (१९५१) या ग्रंथाने आप्रवासाला अमेरिकन इतिहासाच्या परिशिष्टातून उचलून त्याच्या गाभ्याशी आणले. हँडलिन स्वतः ज्यू आप्रवासितांचे पुत्र होते, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

तिसरे कारण नागरी हक्कांची चळवळ. वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला नाझी राजवटीने कायमचा काळिमा लावला होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा संमत झाल्यावर देशात जे निषिद्ध ते देशाच्या दारात कसे चालेल, या युक्तिवादाला उत्तर उरले नाही.

चौथे कारण सहसा सांगितले जात नाही, पण ते महत्त्वाचे आहे. १९१० मध्ये लोकसंख्येत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण १४.७ टक्के होते; १९७० मध्ये ते ४.७ टक्क्यांवर आले. उदारपणाचा हा काळ प्रत्यक्षात आप्रवासाच्या ओहोटीचा काळ होता. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे एलिस बेट बंद झाले. आप्रवासी डोळ्यांसमोरून नाहीसा होत असतानाच तो राष्ट्रीय पुराणकथेचा नायक झाला.

४. १९६५ चा कायदा : अपेक्षा आणि परिणाम

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी हार्ट-सेलर कायद्यावर स्वाक्षरी केली. एमॅन्युएल सेलर यांच्या दृष्टीने ही एका दीर्घ झुंजीची अखेर होती. १९२४ मध्ये काँग्रेसचे नवे सदस्य असताना त्यांनी कोटा कायद्याला विरोध केला होता. एकेचाळीस वर्षांनी तो कायदा त्यांच्याच नावाच्या कायद्याने रद्द झाला.

तथापि हा विजय कशाचा होता, हे नेमके पाहावयास हवे. त्याच वर्षीच्या गॅलप चाचणीत आप्रवास वाढावा असे म्हणणारे लोक केवळ ७ टक्के होते; ३३ टक्क्यांना तो कमी हवा होता आणि ३९ टक्क्यांना आहे तेवढाच. याचा अर्थ, ‘कोण’ या प्रश्नावर मतपरिवर्तन झाले होते, ‘किती’ या प्रश्नावर नाही. कायद्याच्या समर्थकांनीही संख्या वा समाजरचना फारशी बदलणार नाही, अशी ग्वाही दिली होती. पूर्व गोलार्धाला १,७०,००० जागा आणि प्रत्येक देशाला कमाल २०,००० अशी व्यवस्था झाली. त्यातील ७४ टक्के जागा कुटुंबीयांसाठी, १० टक्के व्यावसायिकांसाठी, १० टक्के कामगारांसाठी आणि ६ टक्के निर्वासितांसाठी होत्या. कुटुंबीयांना दिलेल्या या झुकत्या मापामागे मायकेल फायगन यांच्यासारख्या सनातनी सदस्यांचा आग्रह होता. येथे नातलग आहेत ते युरोपियनांचेच, तेव्हा येतील तेही युरोपियनच, असा हा हिशोब होता.

तो हिशोब चुकला. युरोप समृद्ध झाला होता. तेथून येणाऱ्यांची निकड कमी झाली. आशियातून मात्र व्यावसायिकांच्या जागांवर डॉक्टर, अभियंते आणि शास्त्रज्ञ आले आणि काही वर्षांनी त्यांनी त्याच कुटुंब-कलमाखाली आपल्या भावंडांना बोलावून घेतले. भारतात जन्मलेल्यांची अमेरिकेतील संख्या १९६० मध्ये सुमारे १२ हजार होती. १९८० मध्ये ती २ लाखांवर आणि २००० मध्ये १० लाखांवर गेली. मराठी माणसाच्या अमेरिकागमनाचा आधुनिक अध्याय याच दाराने सुरू झाला. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतका मराठी समाज उत्तर अमेरिकेत जमला, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

याच कायद्याची दुसरी बाजू दक्षिण सीमेवर उमटली. मेक्सिकन शेतमजुरांना तात्पुरत्या करारावर आणणारी ‘ब्रासेरो’ योजना १९४२ पासून चालू होती. १९५६ ते १९५९ या काळात त्याखाली दरवर्षी चार लाखांहून अधिक करार होत असत. १९६४ अखेर ही योजना बंद झाली. १९६८ पासून पश्चिम गोलार्धाला प्रथमच १,२०,००० ची मर्यादा लागू झाली आणि १९७६ मध्ये प्रत्येक देशाला २०,००० ची. शेतमळ्यांना मजूर हवेच होते आणि मजुरांना मळे ठाऊक होते. जे काल करारपत्र घेऊन येत होते ते आज त्याच वाटेने, त्याच मळ्यावर, कागदाविना येऊ लागले. डग्लस मॅसी यांनी या साखळीची सविस्तर चिकित्सा केली आहे. सारांश, माणसे व वाटा बऱ्याच अंशी त्याच राहिल्या आणि त्यांचे नाव बदलले. ‘बेकायदेशीर’ हा शब्द राष्ट्रीय चर्चेच्या केंद्रस्थानी आला आणि ‘कोणत्या मार्गाने’ हा तिसरा प्रश्न जन्मास आला.

५. १९७० ते १९९६ : प्रतिक्रियेची कारणे

या पाव शतकात विरोध वाढत गेला. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून सुमारे १ लाख ३० हजार निर्वासित आले, तेव्हा मतचाचणीत निम्म्याहून अधिक लोक त्यांना वसविण्याच्या विरुद्ध होते. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांतच सुमारे १ लाख २५ हजार लोक फ्लोरिडात उतरले. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. पण मालकांवरील निर्बंध निष्प्रभ ठरल्याने ‘एकदा माफी दिली, तरी ओघ चालूच’ अशी भावना दृढ झाली. १९९३ मध्ये गॅलपच्या चाचणीत आप्रवास कमी करावा असे म्हणणारे ६५ टक्के झाले.

या बदलाचे आर्थिक कारण अर्थातच आहे. १९७३ नंतर कारखानदारी मंदावली, वास्तव वेतन खुंटले. मोटारउद्योगाची घसरण झालेल्या डेट्रॉइटमध्ये १९८२ साली जपानी समजून एका चिनी वंशाच्या तरुणाची हत्या झाली. १९८७ मध्ये न्यू जर्सीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवून घेणाऱ्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले. हे नाव स्त्रियांच्या कुंकवावरून घेतलेले होते. शीतयुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातील संरक्षणउद्योग आक्रसला आणि तेथील बेकारी वाढली. १९९४ मध्ये त्याच राज्यात कागदपत्रे नसलेल्यांना शाळा व बिगरतातडीची आरोग्यसेवा नाकारणारा ‘प्रस्ताव १८७’ सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला. न्यायालयाने तो रोखला, परंतु १९९६ च्या संघराज्यीय कायद्याने हद्दपारीच्या तरतुदी अतिशय कडक केल्या.

मात्र केवळ आर्थिक हितसंबंधांनी हे सारे उलगडत नाही. कामगार संघटनांचेच उदाहरण घ्यावे. सेझार चावेझ यांची शेतमजूर संघटना बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या मजुरांची होती. तरीही संप फोडण्यासाठी आणल्या जाणाऱ्या विनापरवाना मजुरांना तिने १९६० आणि १९७० च्या दशकांत विरोध केला. हेच मजूर आपले भावी सभासद आहेत हे उमगल्यावर कामगार संघटनांच्या महासंघाने २००० मध्ये आपली भूमिका उलटी केली आणि माफीची मागणी केली. हितसंबंध तोच होता. त्याचा अर्थ लावण्याची रीत बदलली होती. जेन्स हाइनम्युलर आणि डॅनिएल हॉपकिन्स यांनी २०१४ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. व्यक्तीच्या स्वतःच्या नोकरीवरील संकटापेक्षा राष्ट्राचे व संस्कृतीचे काय होईल या चिंतेचा प्रभाव मतांवर अधिक असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे.

याच संदर्भात एक विसंगती नोंदवावयास हवी. ज्या काळात नव्या आप्रवासितांना विरोध वाढला, त्याच काळात जुन्या आप्रवासितांचा गौरवही वाढला. १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवतेची शताब्दी थाटाने साजरी झाली. १९८८ मध्ये युद्धकाळात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशीयांची क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्यात आले. १९९० मध्ये एलिस बेटावर संग्रहालय उघडले. आपले आजोबा रीतसर रांगेत उभे राहून आले, हे मात्र रांग मोडून येतात, अशी तुलना यातून जन्मली. आजोबांच्या काळी युरोपियनांसाठी संख्येची मर्यादाच नव्हती, हे त्या तुलनेत विसरले गेले. गौरवलेला भूतकाळ वर्तमानाला दोषी ठरविण्याचे साधन कसा बनतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

६. २००१ नंतर : सुरक्षा आणि पक्षनिष्ठा

समृद्धीच्या १९९० च्या दशकाअखेर विरोध ओसरला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो पुन्हा उसळला. आप्रवास कमी करावा असे म्हणणारे काही महिन्यांतच चाळिशीच्या आसपासवरून ५८ टक्क्यांवर गेले. आप्रवासाचा कारभार अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्याकडे सोपविण्यात आला. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका पगडीधारी शिखाचा खून झाला. ‘कोण’ हा प्रश्न मिटला नव्हता, त्याने रूप बदलले होते, हे त्यातून दिसले.

त्यानंतरचा सर्वांत मोठा बदल पक्षीय आहे. १९९४ च्या प्यू चाचणीत आप्रवासी देशाला बळ देतात असे मानणारे डेमोक्रॅट ३२ टक्के आणि रिपब्लिकन ३० टक्के होते. म्हणजे जवळजवळ समान. २०१९ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ८३ आणि ३८ टक्के झाले. पूर्वी हा प्रश्न दोन्ही पक्षांना आतून चिरत असे. आता तो दोन पक्षांमधील सीमारेषा झाला.

२०२० मध्ये महासाथीने प्रचंड बेकारी आलेली असताना, गॅलपच्या इतिहासात प्रथमच आप्रवास वाढावा असे म्हणणारे (३४ टक्के) तो कमी करावा असे म्हणणाऱ्यांपेक्षा (२८ टक्के) अधिक झाले. बेकारीच्या स्पष्टीकरणाला छेद देणारा याहून ठळक पुरावा नसावा. पुढे सीमेवरील आगमन विक्रमी झाले आणि २०२४ मध्ये कमी करावा म्हणणारे ५५ टक्क्यांवर पोहोचले. सत्तांतर होऊन कठोर कारवाया सुरू झाल्या, तेव्हा २०२५ मध्ये तेच प्रमाण ३० टक्क्यांवर घसरले आणि आप्रवास ही देशाच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे असे म्हणणारे ७९ टक्के, म्हणजे विक्रमी झाले. धोरण ज्या टोकाला जाते, त्याच्या उलट दिशेने जनमत सरकते, असा या दोलनाचा अर्थ लावता येईल. हे दोलन ‘किती’ आणि ‘कोणत्या मार्गाने’ या प्रश्नांवरचे आहे. ‘कोण’ या प्रश्नावर १९२४ च्या उघड वांशिक कोट्याकडे परत जाणे मात्र शक्य झालेले नाही. वंशाचा विचार आता सुरक्षेच्या किंवा कायद्याच्या भाषेत मांडावा लागतो.

७. साहित्याची साक्ष

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासाचा उपयोग काय? माझ्या मते तो सर्वाधिक होतो तो ग्रहणाच्या इतिहासात, म्हणजे एखादी कृती केव्हा लिहिली गेली आणि केव्हा वाचली गेली, यांतील अंतर समजून घेताना.

हेन्री रॉथ यांची ‘कॉल इट स्लीप’ ही कादंबरी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लवकरच विस्मरणात गेली. न्यूयॉर्कच्या वस्तीतील ज्यू मुलाच्या या कथेत घरातील यिडिश संभाषण प्रौढ, काव्यात्म इंग्रजीत येते आणि रस्त्यावरचे इंग्रजी मात्र मोडके, उच्चारानुसारी लिहिलेले आहे. परक्याची भाषा घरी किती समृद्ध असते, हे रॉथ यांनी भाषेच्या रचनेतूनच दाखविले. १९६४ मध्ये तिची कागदी बांधणीची आवृत्ती निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. कादंबरी तीच होती. तीस वर्षांत वाचक बदलला होता. हार्ट-सेलर कायद्याच्या आदल्या वर्षीचे हे पुनरुज्जीवन मी योगायोग मानत नाही. दुसरी पिढी आता स्वतःचे बालपण लज्जेविना वाचू शकत होती.

याउलट जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’ (१९५७) पाहावी. छावणीतून सैन्यात जाण्यास नकार देणारा जपानी वंशाचा तरुण हा तिचा नायक. पांढऱ्या आप्रवासिताची पुराणकथा घडत असतानाच्या त्या काळात या नायकाला वाचक मिळाला नाही. ओकाडा १९७१ मध्ये निवर्तले. तरुण आशियाई-अमेरिकन लेखकांच्या प्रयत्नाने कादंबरी १९७६ मध्ये पुन्हा छापली गेली. त्याच वर्षी मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचे ‘दि वुमन वॉरियर’ आले आणि लगेच मान्यता पावले. एकोणीस वर्षांच्या या अंतरात ‘कोण’ या प्रश्नाच्या उत्तराचा विस्तार झाला होता.

तिसऱ्या प्रश्नाची साक्ष हेलेना मारिया विरामोंतेस यांच्या ‘अंडर द फीट ऑफ जीझस’ (१९९५) या कादंबरीत मिळते. शेतमजूर आई मुलांचे जन्मदाखले येशूच्या मूर्तीखाली जपून ठेवते. ‘प्रस्ताव १८७’ नंतरच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत देव आणि दाखला एकाच जागी येतात. कागद हा अस्मितेचा आधार कसा झाला, हे यातून एका दृश्यात कळते.

झुंपा लाहिरी यांच्या पुलित्झर पारितोषिकप्राप्त संग्रहातील (१९९९) अखेरच्या कथेचा नायक १९६९ मध्ये बोस्टनला पोहोचतो. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत तो परक्या खोलीत एकटा राहतो. या एकाकीपणाचे आपण विवेचन करतो. पण पाच-सहा वर्षांपूर्वी त्याला ते दार जवळजवळ बंदच होते, ही गोष्ट विसरतो.

मराठीच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चिनी बंदीचा कायदा सात वर्षांचा होता. तेथपासून १९६५ नंतरच्या डॉक्टर-अभियंत्यांपर्यंत अमेरिकेविषयीच्या मराठी लेखनाचा प्रवास वाचताना लेखक त्या देशात पाहुणा होता, विद्यार्थी होता की निवडून घेतलेला व्यावसायिक, हे प्रथम विचारले पाहिजे. १९६५ नंतरचा मराठी आप्रवासी शिक्षणाच्या चाळणीतून गेलेला होता. त्या चाळणीमुळे त्याच्या वाट्याला आलेले यश केवळ गुणवत्तेचे नव्हते. ते दार उघडण्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीचाही वाटा होता. १९७६ मध्ये परदेशी डॉक्टरांवर निर्बंध आले, तेव्हा गुणवत्ता तीच असूनही तेच दार अरुंद झाले. हे ऋण आणि ही अनिश्चितता ध्यानात घेतल्याविना त्या पिढीच्या लेखनातील अभिमान आणि अपराधभाव यांचा उलगडा होणार नाही.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. ‘कोण’ या प्रश्नावरील मतपरिवर्तन शीतयुद्ध, दुसरी पिढी आणि नागरी हक्क यांमुळे झाले व ते बऱ्याच अंशी टिकले. ‘किती’ या प्रश्नावरील मत अर्थस्थिती, भीती आणि धोरण यांच्यासह हेलकावत राहिले. ‘कोणत्या मार्गाने’ हा प्रश्न कायद्यानेच निर्माण केला आणि तो आज पहिल्या दोन्ही प्रश्नांचे ओझे वाहतो आहे. तिन्ही प्रश्न वेगळे केले की एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या घटना सुसंगत दिसू लागतात.

अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. स्थलांतरिताची कोणतीही कृती शिकविताना तिच्या नायकाने सीमा कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याखाली ओलांडली, हा प्रश्न वर्गात विचारला जावा. विरहाची भावना सर्वकाळी सारखी भासते. पण तो विरह ज्या दारातून आत आला ते दार प्रत्येक पिढीसाठी निराळे होते. महाराष्ट्रातही परप्रांतीय मजूर, ऊसतोडणीसाठी गाव सोडणारी कुटुंबे आणि परदेशी गेलेले मराठीजन यांच्याविषयी आपण एकाच वेळी तीन वेगळ्या भाषा बोलतो. त्या भाषा वेगळ्या का, हे तपासण्यासही ही तीन प्रश्नांची कसोटी उपयोगी पडावी.